दाऊदभाईंचा ऑगस्ट

उभ्या नोकरीत मी माणसांना अशा गावांना पाठवलं, जिथे मी स्वतः कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. आणि पाठवताना अशा थाटात बोलायचो, जणू तिथे माझी सख्खी आत्या राहते. "त्या हॉटेलात मागच्या बाजूची खोली घेऊ नका, ऊन येत नाही." कुठलं हॉटेल आणि कुठलं ऊन! पण समोरच्या माणसाचा चेहरा उजळायचा. ट्रॅव्हल एजंटच्या धंद्यात निम्मं भांडवल विमान कंपनीचं असतं आणि निम्मं तोंडाचं. दुसरं निम्मं माझ्याकडे मुबलक होतं.

संपादकांनी हलकंफुलकं लिहा म्हणून सांगितलंय. सुरुवात तशीच करतो, शेवटाची हमी देत नाही. हमी आम्ही फक्त परतीच्या प्रवासाची द्यायचो, तीही दुसऱ्याच्या विमानावर.

अलिबागकडचा एक म्हात्रे बहारीनला कसा पोचला, पगार काय होता, खोलीत किती जण झोपायचे, हे सांगत बसत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं आणि गावी कुणाला खरं वाटत नाही. मनामाच्या बाजारात, एका सोनाराच्या आणि एका अत्तरवाल्याच्या मध्ये आमचं ऑफिस होतं. दोन टेबलं, एक फॅक्स, जगाचा नकाशा आणि भिंतीला रंगीत माहितीपत्रकांची मांडणी. आता तिकीट मोबाइलवर येतं. तेव्हा ते चेकबुकासारखं असायचं, पानामागे लाल कार्बन. दिवसभर लिहून बोटं अशी लाल व्हायची की संध्याकाळी बायको विचारायची, "आज कुणाचं लग्न लावून आलात?"

लग्नावरून आठवलं. अस्करला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात पुण्याचा एक तरुण इंजिनिअर होता. नवं लग्न, मधुचंद्राला लंडन. जाताना हळूच म्हणाला, "म्हात्रेसाहेब, खिडकीचं बघा हं." मी बघितलं. दोघांनाही खिडकी दिली. एकामागे एक. नवरीने लंडनपर्यंत खिडकीतून ढग पाहिले आणि समोर नवऱ्याचं टक्कल. परत आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. ती मात्र बोलली, "थँक्यू, फार छान झोप लागली."

दुसरे अबू खलील. बहारीनचेच, म्हातारे, बाजारात कापडाचे मोठे व्यापारी. त्यांनी इंग्लंडची टूर मागितली तेव्हा मी इंग्रज गिऱ्हाइकांना लावायचो तीच रेकॉर्ड लावली. बाबा, जूनमध्ये जा, पाऊस नसतो, लख्ख ऊन. महिन्याने परत आले ते दारातूनच ओरडत. "म्हात्रे! मफी मतर! बारिश नहीं! रोज शम्स, रोज शम्स! धूप तो मेरे घर में फुकट है!" हा माणूस बायकोमुलांना घेऊन पाऊस बघायला गेला होता आणि मी त्याला विचारपूस करून, खात्री देऊन उन्हात पाठवलं होतं.

त्या दिवशी मी शिकलो की हंगाम नावाची गोष्ट नकाशावर नसते, ती माणसागणिक बदलते. असं मला वाटलं. म्हणजे शिकलो असं वाटलं.

आता दाऊदभाई.

मीना सलमान बंदराजवळ जहाजदुरुस्तीचं एक वर्कशॉप होतं, दाऊदभाई तिथले स्टोअरकीपर. रत्नागिरीकडचे, हर्णैच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. बुटके, नेटके, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. वाल्व, गास्केट, नटबोल्ट, दोरखंड, सगळं त्यांच्या किल्लीत. त्यांचा साहेब इंग्रज, नाव हॉज. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर समुद्राकाठी त्याचं गाव. जुन्या पद्धतीचं सुट्टीचं ठिकाण. समुद्रात लांबवर गेलेला लाकडी धक्का, वाळूत मुलांना फिरवणारी गाढवं, कागदात गुंडाळलेली तळलेली मासळी, आणि किनाऱ्याकडे तोंड करून घरगुती खाणावळवजा लॉज, ओळीने. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाचा काही दोष नव्हता.

आखातातली रजा हा काय प्रकार आहे ते बाहेरच्यांना सांगायला हवं. रजा मागायची नसते, ती मिळते. वर्षाच्या सुरुवातीला ऑफिसात रजेचा तक्ता लागतो. ऑगस्ट हा त्यातला राजा महिना. उकाडा असा की रस्त्यावरच्या डांबरात चप्पल रुतावी आणि समुद्राचं पाणी अंघोळीच्या बंबासारखं कढत व्हावं. ऑगस्ट आधी इंग्रजांना, मग इतर गोऱ्यांना, मग ज्यांची मुलं शाळेत त्या मोठ्या हुद्देवाल्यांना. उरलेल्यांना उरलेले महिने. हे कुठेही लिहिलेलं नसायचं, त्यामुळे खोडताही यायचं नाही.

हॉज दर ऑगस्टला आपल्या गावी जायचा आणि दर ऑगस्टला दाऊदभाई त्याच्या केबिनच्या किल्ल्या सांभाळायचे. सप्टेंबरात साहेब परत आला की दाऊदभाईंसाठी एक गुलाबी साखरेची कांडी आणायचा. त्या गावची खासियत. आतून अक्षरं घातलेली, कुठेही मोडा, गावाचं नाव दिसतं. दाऊदभाई त्या साठवायचे आणि दोन वर्षांनी रत्नागिरीला गेले की भावाच्या पोरांना वाटायचे. त्या खाडीकाठच्या पोरांना जगात दोनच शहरं माहीत होती, मुंबई आणि हॉजचं गाव. दुसऱ्याची चव माहीत होती.

नोकरीची शेवटची दोनतीन वर्षं उरली तेव्हा दाऊदभाईंना फॅमिली व्हिसा मिळाला. पगाराच्या ज्या पायरीवर बायकोला आणता येतं, ती पायरी त्यांनी निवृत्तीच्या दारात गाठली. खतीजाभाभी आल्या. उंच, सावळ्या, बोलायला फटकळ. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि सगळी मिळून त्यांनी नवऱ्याबरोबर किती काढली असतील? रजा रजा जोडून तीनएक वर्षं. बाकीचा संसार सासू, दीर, जावा यांच्याशी.

एकदा दोघं तिकिटाची चौकशी करायला आले. मी दाऊदभाईंशी बोलत होतो, भाभी भिंतीवरची पत्रकं बघत होत्या. त्यांनी एक उचललं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. हॉजच्याच गावाचं होतं. फोटोत एक म्हातारा आणि एक म्हातारी, रंगीत पट्ट्यांच्या कापडी आरामखुर्च्यांत, समुद्राकडे तोंड करून. बूट काढलेले. म्हातारा तोंडावर वर्तमानपत्र टाकून झोपलेला आणि म्हातारी लोकर विणत बसलेली.

"म्हात्रेभाऊ, ही कोण?"

"कोण म्हणजे? कुणीतरी नवराबायको."

"आणि असं बसतात? दोघं शेजारी? काय काम नाय करत?"

"सुट्टी आहे त्यांची, भाभी."

त्या फोटोकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या घराच्या मागल्या दारातून समुद्र दिसतो. तीस वर्षं बघतंय. पण वाळूत कवा बसले नाय. वाळूत जाळी सुकतात, मासळी सुकते. सून नाय बसत. आणि नवऱ्याशेजारी तर नायच नाय." नवऱ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "मना हय जायचंय."

"खुळी काय तू? समुद्र बघायला विलायतेला?" दाऊदभाई हसले. "आपण बेटावर राहतो!"

"तुमच्या बेटावर झल्लाकच्या किनाऱ्याला नेलंत ना पिकनिकला? बायका एका तंबूत टोपांजवळ, बाप्ये दुसरीकडे पत्ते कुटत. ते काय बसणं? आणि गावाला परत गेलं की सासू, आत्याबाई, हायतच. मना एकदा असं बसायचंय. खुर्चीत. तुमच्या शेजारी. जिथं आपल्याला कुत्रं ओळखत नाय तिथं."

दाऊदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी नकाशाकडे बघितलं. मग ते पत्रक त्यांनी हळूच घडी करून खिशात, दोन पेनांच्या मागे ठेवलं.

त्यांनी हॉजला विचारलं. उभ्या नोकरीत पहिल्यांदा काही मागितलं. हॉज खूश झाला, खरंच झाला. म्हणाला, "माझं गाव बघायला जाणार? दाऊद, पुढचा ऑगस्ट तुझा. मी इथे थांबतो, मी सांभाळतो किल्ल्या. शब्द." हात पुढे केला. दाऊदभाई मला ते हस्तांदोलन दोनदा करून दाखवत होते.

आम्ही योजना आखायला बसलो. आम्ही म्हणजे मीच. कंपनी रजेला मुंबईचं तिकीट द्यायची. त्यात वरची भर घालून ते लंडनकडे वळवून आणायचं, ही आमची कारागिरी. दर गुरुवारी संध्याकाळी दोघं यायचे, मी चहा मागवायचो आणि न पाहिलेलं गाव दाखवायचो. "स्टेशनातून बाहेर पडलात की डावीकडे उतार. उतार संपला की समुद्र." भाभी तपशिलात शिरायच्या. खुर्ची घरून न्यायची की तिथं मिळते? तिथं भाड्याने मिळते. बुरख्यात बसलं तर चालतं? इंग्रज डोक्यावर रुमालाला गाठी मारून बसतात भाभी, तुम्हाला कोण हसणार! विणायला काय नेऊ? मला विणता येत नाय. मग तसबीह न्या, मणी ओढत बसा. ती चालते समुद्रावर? भाभी, समुद्र कुणाचा आहे?

मे महिन्यात हॉजने दाऊदभाईंना केबिनमध्ये बोलावलं. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ऑगस्टमध्ये. त्याच गावात.

"साहेब फार ओशाळला होता," दाऊदभाई मला सांगत होते. "म्हणाला, दाऊद, तूच सांग, मी काय करू? पोरीचं लगीन हाय. मी काय सांगणार? मी मुबारकबाद दिली."

"पण शब्द दिला होता ना?"

"लगीन हाय, म्हात्रे."

"मग तुम्ही पण जा. स्टोअर बघेल कुणीतरी."

"कोण? दोघं एकदम नाय जाऊ शकत. किल्ल्या कोण घेणार?" मग म्हणाले, "पुढच्या जुलैला माझी नोकरी संपते. त्याच्या आधी एकच रजा उरलीय. साहेब म्हणाला, फेब्रुवारीत घे. तो म्हणाला, तेवा गाव जरा शांत असतं."

इथे माझा प्रवेश. इथे गप्प बसलो असतो, किंवा कुणा एका इंग्रज गिऱ्हाइकाला विचारलं असतं, तर हा लेख अबू खलीलवरच संपला असता. पण तोंडाचं निम्मं भांडवल उसळी मारून वर आलं.

"अहो, उत्तमच की!" मी म्हणालो. "फेब्रुवारी! मला सांगा, झल्लाकला गर्दी कधी असते? थंडीत. आमच्या अलिबागला? थंडीत. तुमच्या हर्णैला मुंबईची माणसं कधी येतात? नाताळात! ऑगस्टात समुद्रावर कोण जातं? हे इंग्रज बिचारे शाळांच्या सुट्ट्यांमुळे जातात. शहाणा माणूस फेब्रुवारीतच जाणार. गर्दी नाही, गडबड नाही. खुर्च्याच खुर्च्या."

इंग्लंडात फेब्रुवारीत थंडी असते हे मला ठाऊक होतं, अगदीच गावंढळ नव्हतो. म्हणून स्वेटर न्या म्हणालो. पण थंडीत कुणी समुद्रच बंद करून ठेवत असेल, हे आमच्या डोक्यात कुठून यावं? आम्ही तिघंही खाऱ्या पाण्याकाठची माणसं. आमच्या तिघांच्या हिशेबात थंडी म्हणजेच हंगाम. दाऊदभाईंचा चेहरा खुलला. भाभी म्हणाल्या, "थंडीच बरी. इथं घामाने मरायला झालंय."

त्या ओळीतल्या एका लॉजला मी फॅक्स केला. मालकीण मिसेस पिंचबेक. उत्तर आलं की आम्ही ईस्टरपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, बंद असतो, पण तुमचा अगदी आग्रहच असेल तर एक खोली उघडता येईल. आता बघा, मी बसलो होतो मनामाच्या बाजारात. तिथे दुकानदार 'खलास' म्हणाला की समजायचं, आता खरी घासाघीस सुरू झाली. खलास म्हटलेलंच कापड तो टेबलाखालून काढून देतो. मी फॅक्स ठोकला, 'आग्रह आहे.' बाईंनी भाडं निम्म्यावर आणलं. मी ऑफिसभर तो कागद नाचवला. इंग्रज बाईला मी घासाघीशीत हरवलं होतं!

फेब्रुवारीत दोघं गेले. एअरपोर्टवर मीच सोडलं. दाऊदभाईंनी माकडटोपी घेतली होती. भाभींच्या पिशवीत तसबीह होती आणि वर तो फोटो.

पंधरा दिवसांनी परत आले. संध्याकाळी ऑफिसात आले, दाऊदभाईंचा घसा बसलेला.

"कसं झालं?"

"बेस्ट," दाऊदभाई म्हणाले. "लय सुंदर गाव. स्वच्छ. माणसं अदबीची."

"आणि समुद्र?"

"समुद्र पण बेस्ट."

भाभींनी बुरख्याची कड नीट केली. "खोटं कशाला बोलता? म्हात्रेभाऊ, मी सांगते. समुद्र नव्हताच. लांब कुठं तरी गेलेला, चिखल टाकून. होता तेवा राखेच्या रंगाचा. अख्खं गाव कुलपात. दुकानं फळ्या ठोकून बंद. गाढवं नाय. तळलेली मासळी नाय. एक म्हातारा कुत्रा घेऊन फिरायचा, तो पण आमाला बघून पलीकडून जायचा. वारा असा की ह्यांची टोपी गेली उडून. जर्मनीला पोचली असेल."

"आणि खुर्च्या?"

भाभीच म्हणाल्या, "होत्या की. सगळ्या होत्या. एकावर एक रचून, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात. भलं मोठं कुलूप. ह्यांनी एक माणूस गाठला, कठड्याचा गंज खरवडत होता. त्याला म्हणाले, फक्त दोन पाहिजेत. अर्धा तास. मी स्वतः परत लावून देतो, मी स्टोअरकीपर हाय. तो हसला. ईस्टरला या, म्हणाला."

"मग कुठे बसायचात?"

"रस्त्याकडेला काचेची एक शेड होती, बसस्टॉपवाणी. तिथं. दहा ते पाच."

"दहा ते पाच? का? खोली होती ना?"

आता दाऊदभाईंनी तोंड उघडलं. "खोलीच्या दारावर पाटी होती. पाहुण्यांनी न्याहारीनंतर दहाला बाहेर पडावं, पाचच्या आत येऊ नये. नियम म्हणजे नियम."

हे खरंच होतं. त्या लॉजांची ती जुनी रीत. दिवसा पाहुणे वाळूत, मालकीण साफसफाईत. दाऊदभाई ज्या माणसाच्या हाताखाली आयुष्यभर किल्ल्या सांभाळत आले, त्या माणसाच्या गावची ती पाटी. ती ते मोडणार होते होय? रोज सकाळी दहाच्या ठोक्याला बायकोला घेऊन बाहेर, अंगावर होतं नव्हतं ते सगळं घालून, त्या काचेच्या शेडमध्ये. पाच वाजेपर्यंत.

"चौथ्या दिवशी ती बाई बाजाराला निघालेली," भाभी सांगू लागल्या. "आमाला बघितलं आणि रस्त्यातच उभी राहिली. हातातली पिशवी पडली. म्हणाली, अल्ला, म्हणजे तिच्या देवाचं नाव घेतलं, तुमी इथं काय करताय? मना वाटलं तुमी फिरायला जाता. ह्यांनी पाटीचं सांगितलं. तर ती रडायलाच आली. म्हणाली, अहो, ती पाटी ऑगस्टची हाय! ऑगस्टसाठी लावलेली!"

भाभी हसायला लागल्या. मीही हसलो. दाऊदभाई पण हसले आणि खोकले. आणि मग आमच्या तिघांचंही हसू एकदमच संपलं.

"बाई चांगली होती," भाभी म्हणाल्या. "नंतर स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसवायची. स्वयंपाकघरातच! मी म्हटलं, खतीजा, एवढ्या लांब येऊन तू चुलीपाशीच बसलीस."

मी माफी मागितली. दाऊदभाई म्हणाले, "तुमी काय करणार? नशीब." भाभी म्हणाल्या, "नशीब कशाला? म्हात्रेभाऊंचं शानपन." दोघांपैकी भाभींचं बोलणं मला जास्त मानवलं.

मार्चमध्ये हॉज माझ्या ऑफिसात आला. दर वर्षीप्रमाणे, ऑगस्टच्या तिकिटांसाठी. खुर्चीत ऐसपैस बसला आणि म्हणाला, "दाऊदला माझं गाव फार आवडलं म्हणे! सांगत होता, इतकं सुंदर गाव पाहिलं नाही. मला बरं वाटलं." मग पुढे वाकून, माझ्या भल्यासाठी सांगावं तसं म्हणाला, "पण खरं सांगू? ते गाव बघावं ऑगस्टमध्येच. मी त्याला नेहमी सांगत आलो."

मी काय केलं? तेच, जे पगारासाठी करायचं असतं. विचारलं, "खिडकी की मधली वाट?"

एक बंड केलं, तेवढं नमूद करतो. तेव्हा विमानात सिगारेट ओढायला परवानगी असे, मागच्या काही ओळींत. हॉजला धुराचं वावडं होतं, हे मला माहीत होतं. मी त्याला धूम्रपानाच्या ओळीच्या बरोब्बर पुढची जागा दिली, दोन्ही वेळा. वर लिहिलं, खास विनंतीवरून. ऑगस्टभर मी मनातल्या मनात त्याला खोकताना पाहत होतो. सप्टेंबरात तो आला तो हसतच. "म्हात्रे, काय जागा दिलीस! मागची अख्खी रांग रिकामी. चारही खुर्च्यांवर आडवा झालो, लंडनपर्यंत झोप." मग पिशवीतून गुलाबी कांडी काढून टेबलावर ठेवली. "दाऊदसाठी घेतली, सवयीने. विमानात बसल्यावर आठवलं की तो आता नाही. तूच घे."

घेतली आणि खाल्ली. गोड होती. शेवटच्या तुकड्यापर्यंत गावाचं नाव होतं. यातून काही अर्थ काढू नका. मी काढायला गेलो आणि दात दुखायला लागला.

दाऊदभाई तोवर गेले होते. ते जाणं राहिलं सांगायचं.

जुलैअखेर त्यांची नोकरी संपली. व्हिसा रद्द करायचे कागद फिरले, हिशेब पुरा झाला, आणि कंपनीकडून मला एकेरी तिकिटाचा आदेश आला. दोन माणसं, बहारीन ते मुंबई. मी तारखा बघत होतो. जुलैत जागा नव्हती. आपल्या लोकांच्या शाळेच्या सुट्ट्या, विमानं तुडुंब. पहिली मोकळी जागा निघाली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात.

दोघं तिकीट घ्यायला आले. मी तारीख वाचून दाखवली. दाऊदभाईंनी तिकीट हातात घेतलं, लाल अक्षरं नीट वाचली, आणि त्यांच्या स्टोअरकीपरच्या पद्धतीने मान हलवली, माल बरोबर आल्यासारखी.

"ऑगस्ट," ते म्हणाले. "मिळाला बघ शेवटी."

मी विचारलं, "ऑफिसात निरोप समारंभ वगैरे?"

"साहेब परवाच गेला ना रजेवर. तो असता तर झाला असता. किल्ल्या कुणाला द्यायच्या, तेवढं सांगून गेलाय."

मी कागदपत्रं पाकिटात भरली. भाभी भिंतीसमोर उभ्या होत्या, हातात एक पत्रक. मांडणीत नवीन हंगामाची पत्रकं आली होती, पण फोटो तोच होता. पट्ट्यांच्या खुर्च्या, बूट काढलेले, तोंडावर वर्तमानपत्र. मी उगीच, तोंडाला सवय म्हणून, म्हणालो, "भाभी, आता काय, घरच्या मागल्या दारातच समुद्र. साहेब नाही, तक्ता नाही. दोन खुर्च्या टाका आणि बसा शेजारी शेजारी. आत्याबाई काय म्हणायचंय ते म्हणोत."

त्या वळल्या. रागावल्या नव्हत्या. एवढं होऊनही एजंट बदलत नाही, हे त्यांना आता कळून चुकलं होतं.

"म्हात्रेभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी अलिबागचे ना? ऑगस्टात होड्या कुठं असतात?"

होड्या वर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवलेल्या असतात. लाटा बांधावर डोकं आपटत असतात आणि पोरांनासुद्धा वाळूत उतरू देत नाहीत.

"नारळी पौर्णिमेपर्यंत," भाभी म्हणाल्या, "आमचापण समुद्र बंदच असतो."

त्यांनी पत्रक मांडणीत नीट परत लावलं, कडेला कड जुळवून, आणि नवऱ्याच्या मागोमाग, दोन पावलं अंतर ठेवून, बाजाराच्या उन्हात निघून गेल्या.